नाशिकच्या डोंगरवाटा: पाटी नाही, खूण नाही, तरी जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी रात्री नऊनंतर आमच्या ग्रुपमधल्या जुन्या लोकांचे फोन वाजायला लागतात. "दादा, उद्या अमुक गडावर निघालोय, वाट सापडेल ना?" गेल्या काही वर्षांत विचारले गेलेले, आणि पुन्हा पुन्हा तेच येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे एकाच गोष्टीचा दुसरा भाग दुसरीकडे आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाशिकच्या डोंगरांत वाटांवर पाट्याच का नाहीत?

कारण या वाटा फिरायला येणाऱ्यांसाठी कुणी पाडलेल्या नाहीत. गुरं चारायला, सरपण आणायला, पलीकडच्या खोऱ्यातल्या बाजाराला किंवा सोयऱ्यांकडे जायला माणसं चालत राहिली आणि वाट मळत गेली. ज्याला ती लहानपणापासून पाठ आहे, त्याला पाटी कशाला लागेल?

आता पाड्यापर्यंत डांबरी रस्ता आला, जीप आली, गॅस सिलिंडर आला, घरटी गुरं कमी झाली. पाय पडायचे थांबले. सह्याद्रीत न वापरलेली वाट बुजायला दोन-तीन पावसाळे पुरतात. उलट उदाहरण त्र्यंबकेश्वरचं आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जी गर्दी लोटते, तिच्यामुळे तिथली वाट कुणी न सांगता दिसते.

दुसरं कारण सरकारी आहे. डोंगर वनखात्याचा, गड संरक्षित असेल तर वास्तू पुरातत्त्व खात्याची आणि पायथ्याची जमीन ग्रामपंचायतीची किंवा शेतकऱ्याची. तिघांच्या मधोमध असलेली पाटी कुणाचीच नसते.

२. पहिल्यांदाच जातोय. वाट चुकणार नाही असे किल्ले सांगा.

शहराजवळचा रामशेज. आशेवाडीतून वर जाणारी वाट सरळ, पायऱ्यांची आणि दिवसभर वर्दळीची. ब्रह्मगिरीलाही त्र्यंबक गावातून पायऱ्या आहेत. अंजनेरीची वाट अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत ठळक आहे, पण तिथलं पठार मोठं आहे आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की पाच मिनिटांत दिशा कळेनाशी होते. धुक्यात मंदिराच्या पुढे हिंडू नका.

हरिहरची वाटही चुकण्यासारखी नाही. निरगुडपाड्याकडून जा किंवा हर्षेवाडीकडून, शेवटी त्याच कोरीव पायऱ्यांशी पोहोचता. तिथला धोका गर्दीचा आहे. त्या उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कुणालाच हलता येत नाही. कळसूबाई (१६४६ मीटर) नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मोडत असली तरी नाशिककर तिला आपलीच मानतात. तिथे लोखंडी शिड्या आणि रांग असते, त्यामुळे वाट शोधावी लागत नाही.

३. मळलेली वाट आणि ढोरवाट यांत फरक कसा ओळखायचा?

सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर.

ढोरवाटा एकीला एक समांतर असतात. उतारावर पाच-सहा वाटा शेजारी शेजारी आडव्या गेलेल्या दिसल्या तर त्या गुरांच्या. त्या पाण्याकडे किंवा चांगल्या चराईकडे जातात आणि गवत संपलं की विरून जातात. माणसाची वाट एकच असते, आणि तिला कुठेतरी पोहोचायचं असतं.

मग डोक्याच्या उंचीवर बघा. गाय झुडपाखालून जाते, त्यामुळे ढोरवाटेवर कमरेपर्यंत मोकळं आणि वर फांद्यांचं छप्पर असतं. माणूस जात असेल तर चेहऱ्याजवळच्या फांद्या मोडलेल्या किंवा कोयत्यानं छाटलेल्या दिसतात. बकऱ्यांच्या मागे तर अजिबात जाऊ नका, त्या कातळावरही चढतात.

पायाखाली बघा. मोठ्या वाटेवरचे दगड घासून गुळगुळीत झालेले असतात, अवघड जागी पाय ठेवायला खोबणी असते. पावसाच्या पाण्यानं पाडलेली घळ लांबून हुबेहूब वाटेसारखी दिसते, पण ती नाकासमोर खाली जाते आणि तिच्यातले दगड सुटे असतात. माणूस चढावर नागमोडी जातो.

आणि सांगायला लाज वाटते, पण सर्वांत खात्रीची खूण म्हणजे गुटख्याची पुडी. अर्धा तास एकही पुडी दिसली नाही तर आमच्यातले जुने लोक थांबतात आणि मागे बघतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे आहेत. एक थर कड्याचा, त्यावर एक सपाट पदर, पुन्हा कडा. त्यामुळे वाट बहुतेक वेळा सोंडेवरून (डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवरून) पदरावर येते, तिथे कड्याच्या पायथ्यानं आडवी जाते आणि जिथे घळ किंवा खिंड मिळेल तिथून वर घुसते. पदरावर पोहोचल्यावर वाट एकदम आडवी वळली तर घाबरू नका. सरळ कड्याकडे जाणारी वाट दिसली तर मात्र शंका घ्या.

४. दगडांवर रंगवलेले बाण असतात. त्यांच्यावर चालावं का?

बघावं, पण डोळे झाकून चालू नये. बाण कुणी काढला, कधी काढला आणि तो तेव्हा कुठे निघाला होता, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं.

मुळाणबारीच्या खिंडीतून रवळ्या-जवळ्या या जोडकिल्ल्यांच्या पठाराकडे चढताना ऑक्टोबरात आम्हाला एक छान पांढरा बाण मिळाला. गवत छातीपर्यंत होतं, बाण दिसला तसा जीव भांड्यात पडला. त्याच्या दिशेनं वीस मिनिटं गेलो आणि ओढ्याच्या तोंडाशी येऊन थांबलो. परत येऊन दगड नीट पाहिला तर त्याच्या एका अंगाला ओली माती आणि गांडुळं, म्हणजे जी बाजू जमिनीत असायला हवी ती वर आलेली. दगड पावसात वरून गडगडत आला होता आणि बाण मजेत भलतीकडे बोट दाखवत पडला होता. तेव्हापासून सुट्या दगडावरचा बाण आम्ही मोजत नाही. जमिनीत रुतलेल्या खडकावरचा किंवा कातळावरचाच धरतो.

झाडांना बांधलेल्या रंगीत फितींचं तर विचारू नका. कुठल्या ग्रुपनं आपल्या एका दिवसापुरत्या बांधलेल्या असतात आणि सोडायचं राहून जातं. एकदा अशा चार फितींचा माग काढत आम्ही एका झुडपामागे पोहोचलो. ती त्या ग्रुपनं बायकांसाठी केलेली आडोशाची जागा होती.

दगडावर दगड रचलेली लगोरी जरा बरी. तीही तिठ्यावर असेल तरच. पठारावर गंमत म्हणून रचलेल्या ढिगानं लगोऱ्या आढळतात.

५. मोबाइलवर ट्रॅक उतरवून घेतलाय. एवढं पुरे ना?

ऑफलाइन नकाशा आणि कुणीतरी चालून आलेला ट्रॅक, म्हणजे त्याच्या चालण्याची जीपीएसवर उमटलेली रेघ, असणं चांगलंच. पण तीन अडचणी. कड्याला चिकटून चालताना आकाशाचा निम्मा भाग झाकला जातो आणि जागा काही मीटरनं इकडेतिकडे दाखवली जाते. पठारावर त्यानं बिघडत नाही, पण पदरावर तेवढ्यात तुम्ही एक थर वर किंवा खाली असता. दुसरं, तो ट्रॅक फेब्रुवारीचा असेल आणि तुम्ही सप्टेंबरात गेलात, तर रेघ गवतातून जाते. तिसरं, ट्रॅक देणारा स्वतः चुकला होता का, ते रेघ सांगत नाही. एकाच जागी गुंता दिसला तर समजा, गडी तिथे फिरफिर फिरलाय.

रस्ता शोधायचं नेहमीचं अ‍ॅप पायथ्याच्या गावापर्यंत न्यायला ठीक आहे. त्याच्यावर डोंगर चढू नका. आणि स्वतःचा ट्रॅक गावातूनच सुरू करा, परत फिरायला तोच कामाला येतो. कागदी नकाशाबद्दल प्रश्न १४ पाहा.

६. कोणत्या महिन्यात वाटा सर्वांत जास्त हरवतात?

लोकांना वाटतं जुलैत. आमच्या अनुभवात सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. पाऊस उघडलेला असतो, आकाश निळं असतं, फोटो सुंदर येतात आणि गवत माणसाएवढं झालेलं असतं. पायाखालचा खड्डा दिसत नाही, साप दिसत नाही, वाट तर नाहीच. गवत कापलं जातं किंवा वाळून आडवं होतं, तेव्हा डिसेंबर उजाडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा अनोळखी वाटेसाठी उत्तम काळ, फक्त दिवस लहान असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, हे घरून निघतानाच हिशेबात धरा.

मार्चनंतर वाट दिसते, पण गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांमधलं पाणी आटतं किंवा हिरवं होतं. पाणी खालून न्या.

७. वणवा लागून गेला की वाटा मोकळ्या होतात म्हणे. मग आपणच थोडं गवत पेटवलं तर?

नाही. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. आणि उपयोगही होत नाही. जळलेल्या उतारावर सगळंच काळं आणि सगळ्याच रेघा वाटेसारख्या. वर गवताची मुळं जळाली की माती सुटते आणि पुढच्या पावसात घसारा (पाय सरकणारी सुटी माती-खडी) वाढतो. फायदा काहीच नाही, नुकसान मात्र पक्कं.

८. गावात वाट कशी विचारायची? लोक "जवळच आहे" म्हणतात आणि तीन तास लागतात.

अंतर विचारूच नका. वेळही विचारू नका. गावकरी त्याच्या चालीनं सांगतो, तुमच्या नव्हे. "वर जायला किती वेळ?" याऐवजी "मामा, तुम्ही सकाळी निघालात तर जेवायला परत घरी येता का?" असं विचारा. त्यातून खरा अंदाज मिळतो. मग त्याची दुप्पट धरा.

खुणा विचारा, त्याही क्रमानं. पहिलं झाड कोणतं, पाणी कुठे, वाट कुठे फुटते, फुटल्यावर कुठल्या हाताला. "चुकायला कुठे होतं?" हा प्रश्न तर विचाराच. त्यावर सगळे खुशीत येतात आणि मागच्या महिन्यात कोण कुठे अडकलं ते सांगतात.

शब्दही त्यांचे वापरा. नाशिककडे खिंडीला बारी म्हणतात. सेलबारी, डोलबारी, मुळाणबारी ही नावं त्यातूनच आली. तुम्ही 'पास' किंवा 'कोल' म्हणालात तर समोरचा मान डोलावतो आणि तुम्हाला वाटतं त्याला कळलं.

आणि एकालाच विचारून थांबू नका. दोघांचं जुळलं की निघा.

९. वाटाड्या घ्यावा का? पैसे किती द्यायचे?

अनोळखी डोंगर, पावसाळा किंवा सोबत मुलं असतील तर घ्याच. सालोटा किल्ल्यासारख्या ठिकाणीही घ्या. शेजारचा साल्हेर (१५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला) २०२५ मध्ये मराठा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. या दोघांमधल्या खिंडीतून वर जाणाऱ्या सालोट्याच्या वाटेवर मात्र अजून घसारा आणि झिजलेल्या पायऱ्या आहेत. यादीत नाव आल्यानं शेजाऱ्याची वाट सुधारत नाही.

पैशांचं निघायच्या आधी ठरवा. तो माणूस तुमच्यासाठी एक दिवसाचा रोज बुडवतो. द्राक्षाच्या खुड्याच्या दिवसांत मजुरी चढलेली असते, तेव्हा जास्त द्या. घासाघीस करू नका. जेवणाचा डबा त्याच्यासाठीही घ्या, आणि गडावर पोहोचल्यावर त्याला "आता तुम्ही जा, उतरू आम्ही" असं म्हणू नका. चुका उतरतानाच जास्त होतात. चढताना सगळ्या वाटा शेवटी शिखराकडे येतात, उतरताना फुटत जातात.

१०. वाट चुकलोय हे लक्षात आलं. आता नेमकं काय करायचं?

थांबा. बसा. पाणी प्या. दहा मिनिटं कुणी काही सुचवायचं नाही.

मग शेवटची खात्रीची जागा आठवा आणि तिथपर्यंत आल्या पावली परत जा. "इथून सरळ खाली काढू, गाव तर दिसतंय" हे वाक्य नाशिकच्या डोंगरांत बऱ्याच जणांना महागात पडलं आहे. प्रश्न ३ मध्ये सांगितलेले थर आठवा. वरून उतार सलग दिसतो, मधला कडा दिसत नाही. ओढ्यानं उतरायचं तर अजिबात नाही. ओढा गावाला जातो हे खरं, पण मध्ये तो धबधब्यावरून उडी मारतो, आणि तुम्हाला ती मारता येत नाही.

धुक्यात फिरत राहिलात तर माणूस गोल फिरतो. याला जुनी माणसं चकवा लागला म्हणतात. चकव्यावर त्यांचा उपायही बसून राहण्याचाच होता, आणि तो अजून बरोबर आहे.

परत जाणं जमत नसेल तर सगळे एकत्र, उघड्या पण वाऱ्यापासून आडोशाच्या जागी थांबा. ११२ ला फोन लावा. वनहद्दीत असाल तर वनखात्याची १९२६ ही मदत-वाहिनी आहे. जखमी असेल तर १०८, पण रुग्णवाहिका रस्त्यापर्यंतच येते, खाली आणायला माणसं लागतात हे फोनवर स्पष्ट सांगा. बोलणं तुटत असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश एसएमएसनं पाठवा. कमी रेंजमध्ये तो निघून जातो. पायथ्याच्या गावातल्या एका माणसाचा नंबर सकाळीच घेऊन ठेवला असेल तर सर्वांत आधी तोच लावा, मदत घेऊन पहिला तोच पोहोचेल.

अंधार पडला तर चालू नका. रात्र काढणं त्रासाचं आहे, पण ती निघून जाते.

११. वाटेवर आग्या मोहोळ दिसलं. पुढे जाऊ का?

कड्याच्या कपारीत मोहोळ असेल तर आवाज, धूर आणि अत्तर यांतलं काहीही नको. वाट अगदी खालून जात असेल तर परत फिरा. माश्या उठल्या तर पळा, लांब पळा, तोंड झाकून. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

१२. आम्ही ग्रुपनं जाऊन स्वतःच बाण रंगवले, पाट्या लावल्या तर?

हेतू चांगला आहे, पण परवानगीशिवाय नको. वनजमिनीवर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची, संरक्षित गडावर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. संरक्षित वास्तूच्या दगडावर रंग लावणं हे विद्रूपीकरण धरलं जातं, भले तो बाण असो. दरवाज्यावर किंवा टाक्याच्या भिंतीवर बाण काढलेले पाहिले की आमचं रक्त उकळतं.

परवानगी न घेता करण्यासारखं एक काम आहे. गवत वाढलेल्या काळात गावातल्या लोकांना सोबत घेऊन वाटेवरच्या आडव्या आलेल्या करवंदीच्या फांद्या त्यांच्याच कोयत्यानं त्यांनाच बाजूला करू द्या. त्यांचा त्या वाटेवर वहिवाटीचा वावर असतो, तुमचा नाही. झाड तोडू नका. आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा, कारण एकदा केलेलं एका पावसात जातं.

दरड कोसळून वाट गेली असेल तर फोटो आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासह अर्ज ग्रामपंचायत आणि वनपरिक्षेत्र कार्यालय या दोन्हीकडे द्या, पोचपावती घ्या. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार करता येते. आमचा एक अर्ज दीड वर्ष एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरला. शेवटी पाटी लागली, वाटेच्या सुरुवातीला, जिथे चुकायचा प्रश्नच नव्हता.

१३. वाट शेतातून जाते आणि शेतकऱ्यानं अडवलं. आपला हक्क असतो का?

गावाची नोंदलेली वहिवाट असली तरी ती गावासाठी आहे. तुमच्या तीस जणांच्या बसला तिचा आधार घेता येत नाही. शेतकरी बहुतेक वेळा उगाच अडवत नाही. कुणीतरी कांद्याच्या वाफ्यातून चालत गेलेलं असतं किंवा द्राक्षबागेचं फाटक उघडं टाकून गेलेलं असतं. हात जोडून विचारा, बांधावरून एका रांगेत जा, फाटक लावा. तरी नाही म्हणाला तर वळसा घाला.

१४. नकाशात वाट दाखवली आहे, गावकरी म्हणतात वाट नाही. कुणाचं ऐकायचं?

गावकऱ्यांचं, एका अपवादानं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे डोंगर समजायला फार चांगले. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक समोच्चरेषा. रेषा चिकटून आल्या की कडा, हे वाचता आलं तर निम्मं काम झालं. पण वीस मीटरच्या आतला कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये लपतो. आणि त्यातल्या तुटक रेघेच्या पायवाटा सर्वेक्षणाच्या वेळच्या आहेत, आजच्या नाहीत. एका गडावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या सातमाळा रांगेतल्या जुन्या वाटांची हीच गत आहे. जिथे माणसं अजून जातात ते तुकडे शाबूत, मधले गायब.

अपवाद असा. गावातला तरुण पोरगा कंपनीत कामाला जातो, तो डोंगरावर गेलेलाच नसतो, आणि 'माहीत नाही' म्हणण्याऐवजी 'वाट नाही' म्हणतो. म्हणून बकऱ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका. धोडप किल्ल्याच्या पूर्वेला एका पाड्यावर आम्ही असंच केलं. पोरांनी नाही सांगितलं, पारावर बसलेल्या बाबांनी काठीनं डोंगर दाखवून तपशीलवार वाट सांगितली, झाडंसुद्धा सांगितली. आम्ही निम्म्यापर्यंत गेलो. झाडं होती, वाट करवंदीत शिरून संपली होती. परत आलो तर बाबा तिथंच बसलेले. म्हटलं, बाबा, वाट नाही राहिली. "कशी नाही?" ते म्हणाले. "माझी वरात तिकडनंच आली की."